इंग्लंडमधील एन्फोर्समेंट नोटीस आणि जागेत प्रत्यक्ष राहणारे लोक: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

इंग्लंडमध्ये नियोजन परवानगीशिवाय बांधकाम केले किंवा जागेचा वापर बदलला, तर स्थानिक कौन्सिल एन्फोर्समेंट नोटीस काढू शकते. ही नोटीस म्हणजे मालक आणि कौन्सिल यांच्यातले प्रकरण आहे, असे समजून भाडेकरू ती बाजूला ठेवून देतात. परसातल्या खोलीत, दुकानाच्या वरच्या मजल्यावर किंवा शेतातल्या कारवाँमध्ये (चाकांवरच्या फिरत्या घरात) जो राहतो, त्याच्यापर्यंत नोटीस पोहोचवण्याचे बंधन मात्र कायद्याने कौन्सिलवर घातले आहे. ते का घातले आहे आणि ते पाळले गेले नाही तर काय होते, याची माहिती येथे दिली आहे. सर्व उत्तरे इंग्लंडपुरती आहेत. स्कॉटलंडचा कायदा स्वतंत्र आहे आणि वेल्समधील काही तरतुदी वेगळ्या आहेत.

एन्फोर्समेंट नोटीस कोण काढते आणि कशाच्या आधारे?

स्थानिक नियोजन प्राधिकरण, म्हणजे बहुतेक ठिकाणी बरो किंवा डिस्ट्रिक्ट कौन्सिल, ही नोटीस काढते. तिचा आधार ‘टाउन अँड कंट्री प्लॅनिंग ॲक्ट १९९०’ या कायद्याचे कलम १७२ हा आहे. नियोजन नियंत्रणाचा भंग झाल्याचे दिसले आणि विकास आराखडा व इतर संबंधित बाबी लक्षात घेता नोटीस काढणे उचित आहे असे कौन्सिलचे मत झाले, तरच ती काढता येते. भंग झाला म्हणून नोटीस निघालीच पाहिजे, असा नियम नाही. नोटिशीत भंग कोणता, तो दूर करण्यासाठी काय करायचे किंवा काय थांबवायचे, नोटीस कोणत्या तारखेपासून लागू होईल आणि त्यानंतर पूर्ततेसाठी किती मुदत आहे, हे सांगावे लागते. जागेची नेमकी हद्दही द्यावी लागते आणि ती बहुधा सोबतच्या नकाशावर लाल रेषेने दाखवलेली असते.

नोटीस काढणे आणि बजावणे यांत फरक आहे का?

आहे, आणि मुदतींचा सारा हिशेब या फरकावर चालतो. अधिकाऱ्याची सही व तारीख पडून नोटीस तयार झाली, की ती निघाली. त्यानंतर तिच्या प्रती संबंधितांना बजावायच्या असतात. कलम १७२ प्रमाणे ही बजावणी नोटीस निघाल्यापासून २८ दिवसांच्या आत व्हावी लागते, तसेच नोटीस लागू होण्याच्या तारखेच्या किमान २८ दिवस आधी व्हावी लागते. या दोन्ही अटी प्रत्येक प्रतीला स्वतंत्रपणे लागू असतात.

समजा, नोटीस १ जूनला निघाली. तिची शेवटची प्रत २९ जूनपर्यंत बजावलेली असली पाहिजे. आता मालकाला प्रत २ जूनला मिळाली, पण परसातल्या खोलीत राहणाऱ्या भाडेकरूला ती १० जूनला मिळाली, तर लागू होण्याची तारीख ८ जुलैच्या आधीची असून चालणार नाही. मालकाचे २८ दिवस भरले म्हणून भाडेकरूचेही भरले, असे होत नाही. काटेकोर अधिकारी टपालातला विलंब धरून मध्ये आणखी काही दिवस राखून ठेवतात, आणि तसे करणेच शहाणपणाचे आहे.

प्रत कोणाकोणाला द्यावीच लागते?

जागेच्या मालकाला, जागेच्या भोगवटादाराला (म्हणजे ती जागा प्रत्यक्ष व्यापून असणाऱ्याला), आणि ज्याच्या जागेतील हितसंबंधांवर (म्हणजे मालकी, भाडेपट्टा, गहाण यांसारख्या कायदेशीर हक्कांवर) नोटिशीचा ठळक परिणाम होईल असे कौन्सिलला वाटते त्या इतर प्रत्येक हितसंबंधिताला. शेवटच्या गटात गृहकर्ज देणारी बँक किंवा दीर्घ मुदतीचा भाडेपट्टाधारक येऊ शकतो. त्या गटाबाबत कायद्याने कौन्सिलच्या मताला जागा ठेवली आहे. मालक आणि भोगवटादार यांच्याबाबत तशी सवलत नाही. अमुक भोगवटादाराला कळवण्याची गरज वाटली नाही, असे कौन्सिलला म्हणता येत नाही.

मी भाडेकरार केलेला नाही, फक्त लायसन्सवर राहतो. मी भोगवटादार ठरतो का?

बहुधा ठरता. महाराष्ट्रातून गेलेल्या वाचकांना लीव्ह अँड लायसन्स परिचयाचे असते. लायसन्समुळे जागेत हितसंबंध निर्माण होत नाही, केवळ राहण्याची परवानगी मिळते, हे तत्त्व त्यांना ठाऊक असते आणि इंग्लंडमध्येही ते तसेच आहे. पण हितसंबंध असणे आणि जागा व्यापून असणे या दोन स्वतंत्र गोष्टी आहेत. ब्रॉम्लीमधील कारवाँच्या जागेसंबंधीच्या, १९७२ च्या निवाडासंग्रहात प्रसिद्ध झालेल्या निकालात अपील न्यायालयासमोर हाच प्रश्न होता. केवळ लायसन्स आहे म्हणून माणूस भोगवटादार नाही असे ठरत नाही. तो तिथे किती काळ आहे, किती स्थिरपणे राहतो आणि जागेवर त्याचा किती ताबा चालतो हे पाहावे लागते, असे तत्त्व त्यातून घट्ट झाले. एका रात्रीसाठी कारवाँ उभी करणारा प्रवासी भोगवटादार ठरणार नाही. त्याच मैदानात दोन वर्षे राहणारे, मुलांना जवळच्या शाळेत घातलेले कुटुंब मात्र ठरेल.

एकाच घरात मालकाचे कुटुंब राहत असेल, तर मालकाच्या नावाने एक प्रत आणि ‘भोगवटादार’ असे लिहिलेली दुसरी प्रत देण्याची पद्धत सर्रास दिसते. पण घराचे स्वतंत्र कुलपांच्या खोल्यांत विभाजन झाले असेल, तर प्रत्येक खोलीत स्वतंत्र प्रत गेली पाहिजे असे माझे ठाम मत आहे. सामायिक दरवाजातून टाकलेले एक पाकीट सहा खोल्यांतल्या सहा कुटुंबांपर्यंत पोहोचेल, हे गृहीत धरणे म्हणजे बजावणी नशिबावर सोपवणे होय.

परवानगीशिवाय घुसून राहणाऱ्यांचे काय?

ते प्रत्यक्षात जागा व्यापून असतील, तर सावध कौन्सिल त्यांनाही प्रत देते. पण कलम १७४ प्रमाणे अपील करण्याचा हक्क जागेत हितसंबंध असणाऱ्याला किंवा लायसन्सवर राहणाऱ्याला आहे. ज्याच्याकडे या दोन्हींपैकी काहीच नाही, त्याला तो मिळत नाही.

कोण राहते हे कौन्सिलला कसे कळते?

भूनोंदणी कार्यालयाच्या नोंदीतून मालक, बँक आणि नोंदवलेले दीर्घ मुदतीचे भाडेपट्टे कळतात, पण महिन्याच्या भाड्याने राहणारा माणूस तिथे दिसत नाही. म्हणून कायद्याने माहिती मागवण्याचे अधिकार दिले आहेत. कलम ३३० खाली कौन्सिल भोगवटादाराला किंवा भाडे घेणाऱ्याला जागेतील हितसंबंधांविषयी लेखी विचारू शकते. कलम १७१सी खालची ‘प्लॅनिंग कॉन्ट्राव्हेन्शन नोटीस’ त्याहून व्यापक असते. जागेत काय चालते, कधीपासून चालते आणि त्यात कोणाचा संबंध आहे, असे प्रश्न तिच्यात असतात. दोन्हींना उत्तर देण्यासाठी २१ दिवस मिळतात, आणि योग्य कारणाशिवाय उत्तर न देणे किंवा जाणूनबुजून खोटे उत्तर देणे हा गुन्हा आहे.

हे प्रश्नपत्र आल्यावर अनेक भाडेकरू घाबरतात आणि घरमालकाच्या सांगण्यावरून गप्प बसतात. त्यात त्यांचेच नुकसान होते. आपण इथे राहतो, अमुक तारखेपासून राहतो, आपले नाव हे आणि पत्रव्यवहाराचा पत्ता हा, असे लेखी कळवलेल्या माणसाला पुढे प्रत न देणे कौन्सिलला फार जड जाते. कागदावर नसलेल्या माणसाला मात्र कोणीही विसरू शकतो.

जागेची पाहणी याला पर्याय नाही. परसातल्या खोलीच्या दाराशी लहान मुलांचे बूट आहेत, खिडकीत स्वयंपाकाचा गॅस दिसतो, भिंतीवर वेगळी टपालपेटी ठोकली आहे, वीजमीटर दोन आहेत: या गोष्टी कोणत्याही नोंदवहीत सापडत नाहीत, आणि प्रती किती लागणार हे त्यांच्यावरूनच ठरते.

नोटीस हातात न देता दारावर चिकटवली. ही बजावणी वैध आहे का?

ठरावीक अटी पाळल्या असतील, तर आहे. बजावणीच्या रीती कलम ३२९ मध्ये दिल्या आहेत. नोटीस प्रत्यक्ष हातात देता येते, नेहमीच्या किंवा शेवटच्या ज्ञात निवासस्थानी ठेवता येते, व्यक्तीने बजावणीसाठी पत्ता दिला असेल तर तिथे ठेवता येते, किंवा त्या पत्त्यावर नोंदणीकृत अथवा पोच मिळणाऱ्या टपालाने पाठवता येते. कंपनी असेल तर नोंदणीकृत किंवा मुख्य कार्यालयात सेक्रेटरीच्या नावे द्यावी लागते.

भोगवटादारासाठी याच कलमात आणखी एक सोय आहे. त्याचे नाव माहीत नसले तरी ‘भोगवटादार’ असे लिहून आणि जागेचे वर्णन करून नोटीस पाठवता येते. मालकासारख्या हितसंबंधिताबाबत ‘मालक’ एवढेच लिहून भागवायचे असेल, तर आधी वाजवी चौकशी करूनही नाव कळले नाही अशी स्थिती असावी लागते. भोगवटादाराबाबत ही पूर्वअट नाही. अशी नोटीस त्या जागी असलेल्या कोणाच्या हाती देता येते किंवा तिथल्या एखाद्या वस्तूवर ठळकपणे लावताही येते. मात्र तसे करताना तिच्यावर, हे पत्र महत्त्वाचे असून त्याचा आपल्या मालमत्तेवर परिणाम होतो, अशा अर्थाचा नियमांत ठरवून दिलेला इंग्रजी मजकूर ठळकपणे असावा लागतो. जाहिरातींच्या गठ्ठ्यात हे पाकीट वेगळे ओळखू यावे, हाच त्यामागचा हेतू आहे.

जागेचा काही भाग रिकामा दिसत असेल, तर त्या भागाचे ‘मालक आणि कोणीही भोगवटादार’ यांना उद्देशून नोटीस तिथल्या वस्तूवर लावली तरी चालते. मोकळ्या शेतात फाटकाच्या खांबाला प्लास्टिकच्या पिशवीत बांधलेली नोटीस दिसते, ती यामुळेच. अर्थात, ज्याने बजावणीसाठी पत्ता कळवून ठेवला आहे, त्याच्या बाबतीत ही रीत पुरत नाही.

टपालाने पाठवलेले पाकीट परत गेले तर?

व्यवस्थित पत्ता लिहून, टपालखर्च भरून पाठवलेले पत्र नेहमीच्या टपालवेळेत पोहोचले असे ‘इंटरप्रिटेशन ॲक्ट १९७८’ च्या कलम ७ प्रमाणे मानले जाते, पण उलट सिद्ध झाले तर हे गृहीतक गळून पडते. केवळ ‘भोगवटादार’ असे लिहून जागेवर पोच-टपालाने पाठवलेल्या नोटिशीबाबत तर पाकीट परत आलेले नसावे, अशी अटच आहे. म्हणून जाणते अधिकारी एकाच रीतीवर विसंबत नाहीत. ते टपालाने पाठवतात, त्याच दिवशी जागेवर जाऊन प्रत देतात किंवा लावतात, दाराचा व नोटिशीचा तारखेसह फोटो काढतात, आणि कोणती प्रत कुठे, किती वाजता, कोणत्या रीतीने दिली याची नोंद सहीनिशी ठेवतात. पुढे वाद झालाच, तर अधिकाऱ्याच्या आठवणीपेक्षा ही नोंद कितीतरी भरवशाची ठरते.

मी पुण्यात राहतो आणि माझे घर हॅरोमध्ये भाड्याने दिले आहे. मला नोटीस कुठे येईल?

बहुधा भूनोंदणीत आपल्या नावापुढे जो पत्ता आहे, तिथे. तो पत्ता त्याच भाड्याच्या घराचा असेल, तर पाकीट भाडेकरूच्या हाती पडेल आणि ते पुण्याला पाठवण्याचे कोणतेही बंधन त्याच्यावर नाही. ‘मी तिथे राहतच नाही’ हा बचाव फारसा टिकत नाही. ओल्डहॅम कौन्सिलच्या प्रकरणात अपील न्यायालयाने २०१७ मध्ये अशाच प्रश्नाचा निर्णय दिला. तिथली नोटीस जागेच्या दुरवस्थेविषयीची होती आणि ती नोंदणीतल्या जुन्या पत्त्यावर गेली होती. मालकाने बजावणीसाठी नवा पत्ता रीतसर कळवलेला नसताना नोंदणीतील पत्त्यावर केलेली बजावणी न्यायालयाने वैध धरली. आपला पत्ता अद्ययावत ठेवण्याची जबाबदारी मालकावर आहे, असा त्याचा व्यावहारिक अर्थ होतो.

भूनोंदणीत मालकाला तीन पत्त्यांपर्यंत नोंद करता येते. त्यांतला किमान एक टपालाचा असावा लागतो, तो परदेशातला असला तरी चालतो, आणि ईमेल पत्ताही देता येतो. परदेशी राहणाऱ्या प्रत्येक मालकाने पुण्याचा किंवा मुंबईचा पत्ता आणि सोबत ईमेल तिथे नोंदवून ठेवावा, असे मी कळकळीने सांगेन. नोटीस वेळेत न कळल्यामुळे बुडालेला अपिलाचा हक्क नंतर कोणताही वकील परत मिळवून देऊ शकत नाही.

नोटीस इंग्रजीत आहे आणि घरातल्या वडीलधाऱ्यांना इंग्रजी येत नाही. भाषांतर मागता येते का?

विनंती अवश्य करावी, अनेक कौन्सिलांकडे दुभाषाची सोय असते. पण भाषांतर जोडलेच पाहिजे अशी अट नियोजन कायद्यात नाही आणि ते नाही म्हणून मुदत लांबत नाही. म्हणून संपूर्ण कागद वाचून घेण्यासाठी थांबू नये. कोणालातरी तीनच गोष्टी लगेच शोधायला सांगाव्यात: नोटीस कोणत्या तारखेपासून लागू होणार आहे, नकाशावरच्या लाल रेषेच्या आत आपली खोली येते का, आणि काय थांबवायला किंवा पाडायला सांगितले आहे. नोटिशीसोबत अपिलाच्या हक्काविषयीचे टिपण आणि ज्यांना प्रती दिल्या त्यांची नावे व पत्ते यांची यादीही असावी लागते. ती यादी नीट पाहावी. शेजारच्या खोलीतल्या कुटुंबाचा तिच्यात पत्ताच नसेल, तर त्यांना आजच सांगावे.

मला प्रत बजावलीच नाही. मग नोटीस रद्द होते का?

आपोआप होत नाही. एका भोगवटादाराला वगळले म्हणून सगळी नोटीस कोसळण्याचे प्रसंग पूर्वी येत असत. आजच्या कायद्यात प्रती नियमाप्रमाणे बजावल्या नाहीत हे अपिलाचे स्वतंत्र कारण आहे. कलम १७४(२) मधील ते ‘ई’ हे कारण होय. मात्र कलम १७६(५) प्रमाणे, ज्याला प्रत मिळाली नाही त्याचे किंवा अपीलकर्त्याचे त्यामुळे ठळक नुकसान झालेले नसेल, तर अपील ऐकणाऱ्या निरीक्षकाला त्या चुकीकडे दुर्लक्ष करता येते.

याचा परिणाम पहिल्या वाचनात चटकन ध्यानात येत नाही. प्रत मिळाली नाही, पण शेजाऱ्याकडून कळले आणि आपण मुदतीत अपील केले, आपले सगळे म्हणणे मांडले. मग निरीक्षक सहज विचारतो की नुकसान कोणते झाले? आपली बाजू तर ऐकली गेली. म्हणजे अपील वेळेवर केले की ‘ई’ हे कारण दुबळे होते, आणि अपील केलेच नाही तर ते मांडायला व्यासपीठच उरत नाही. एकट्या ‘ई’ कारणावर अपील उभे करू नये, असे मी म्हणतो ते यासाठीच. एखादा सहभोगवटादार पूर्णपणे अंधारात राहिला आणि त्याच्याकडे मांडण्यासारखे वेगळे म्हणणे होते, हे पुराव्याने दाखवता आले, तर मात्र त्या कारणाला खरे वजन येते. उदाहरणार्थ, त्याची खोली दहा वर्षांहून अधिक काळ वापरात होती आणि त्याच्या पावत्या फक्त त्याच्याकडेच होत्या, असे असू शकते.

खटला झाल्यावर फौजदारी न्यायालयात हा मुद्दा काढता येईल का?

फारच अरुंद परिस्थितीत. कलम २८५ सांगते की अपिलाच्या कारणांवर नोटिशीच्या वैधतेला अपिलाखेरीज इतर कोणत्याही कार्यवाहीत आव्हान देता येणार नाही. तेव्हा सर्वोच्च न्यायालयाचे काम करणाऱ्या हाउस ऑफ लॉर्ड्सनेही १९९७ मध्ये, न पाळलेल्या नोटिशीवरील खटल्यात ती नोटीस काढण्यामागचे हेतू आणि कारणे तपासत बसण्याचे काम फौजदारी न्यायालयाचे नाही, अशी भूमिका घेतली. म्हणून बजावणी ही केवळ टपालखात्याची बाब नव्हे. एकच दार उघडे ठेवून बाकीची बंद केली असतील, तर ते एक दार कुठे आहे हे आत राहणाऱ्या प्रत्येकाला सांगणे ही न्यायाची किमान अट आहे, आणि या नियमांकडे मी त्याच दृष्टीने पाहतो.

अपवाद दोन आहेत. पहिला कलम २८५(२) मधला आहे. नोटीस निघण्यापूर्वीपासून जागेत हितसंबंध असलेल्या, प्रत न मिळालेल्या व्यक्तीने न्यायालयाची दोन गोष्टींबाबत खात्री पटवून द्यावी लागते: नोटीस निघाल्याचे तिला माहीत नव्हते व माहीत असण्याची वाजवी अपेक्षाही नव्हती, आणि प्रत न मिळाल्याने तिच्या हितांना ठळक बाधा पोहोचली. नुसत्या लायसन्सवर राहणारा यात बसत नाही, कारण त्याचा जागेत हितसंबंध नसतो. दुसरा कलम १७९(७) मधला आहे. प्रत मिळाली नाही, नोटीस कौन्सिलच्या एन्फोर्समेंट नोंदवहीतही नव्हती आणि आपल्याला तिचे अस्तित्व ठाऊक नव्हते, असे दाखवता आले तर तो बचाव होतो. नोंदवहीत नोंद झालेली असेल, तर हा बचाव तिथेच संपतो.

भाडेकरू स्वतः अपील करू शकतो का?

करू शकतो. भाडेकरूचा जागेत हितसंबंध असतो, त्यामुळे त्याला हक्क आहे; प्रत मिळाली असो वा नसो. लायसन्सवर राहणाऱ्यालाही आहे, मात्र नोटीस निघाली त्या दिवशी तो तिथे राहत असला पाहिजे आणि अपील करतानाही राहत असला पाहिजे. घरमालकाने अपील केले नाही, किंवा करू नकोस असे सांगितले, तरी हा हक्क जात नाही.

अपील नोटीस लागू होण्याच्या तारखेपूर्वी प्लॅनिंग इन्स्पेक्टोरेटकडे, म्हणजे ज्या सरकारी यंत्रणेचे निरीक्षक अशी अपिले ऐकतात तिच्याकडे, व्हावे लागते. ही मुदत वाढवून मिळत नाही, आजारपण किंवा प्रवास हे कारण चालत नाही. अपील दाखल झाल्यावर त्याचा अंतिम निकाल लागेपर्यंत किंवा ते मागे घेतले जाईपर्यंत नोटीस अमलात येत नाही.

परवानगी मिळायला हवी होती, या ‘ए’ कारणासाठी नेहमीच्या अर्जाच्या दुप्पट शुल्क भरावे लागते, आणि त्याच बांधकामासाठी आधी अर्ज झाला असेल तर हे कारण उपलब्ध नसण्याचीही शक्यता असते. इतर कारणांना शुल्क नाही. राहणाऱ्या कुटुंबाच्या दृष्टीने मला सर्वांत उपयोगी वाटते ते ‘जी’ कारण: पूर्ततेची मुदत अपुरी आहे. तीन महिन्यांत दुसरे घर शोधणे का शक्य नाही, मुलांची परीक्षा कधी आहे, घरात कोणावर उपचार चालू आहेत, हे कागदपत्रांसह सांगितले तर निरीक्षक मुदत वाढवू शकतो. मालक मात्र ‘ए’ कारणावरच सारा भर देतात, आणि भाडेकरूची बाजू कोणीच मांडली नाही तर मुदतीचा मुद्दा कोरडाच राहतो.

एन्फोर्समेंट नोटीस म्हणजे घर खाली करण्याचा आदेश आहे का?

नाही. ती जागेच्या वापराविषयी आहे, ती भाडेकराराचा शेवट करत नाही. बहुतेक भाडेकरूंना ‘प्रोटेक्शन फ्रॉम एव्हिक्शन ॲक्ट १९७७’ चे संरक्षण असते आणि न्यायालयाच्या आदेशाशिवाय घरमालक त्यांना बाहेर काढू शकत नाही. ‘कौन्सिलचा कागद आला आहे, उद्या सामान हलवा’ असे सांगणाऱ्या मालकाला नोटीस तसा अधिकार देत नाही.

पण दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. पूर्ततेची मुदत संपल्यावर मालक तर दोषी ठरतोच, शिवाय जागेवर ताबा किंवा हितसंबंध असलेला इतर माणूसही थांबवायला सांगितलेला वापर चालू ठेवत असेल, तर कलम १७९ खाली त्याच्यावरही खटला होऊ शकतो. दंडाला वरची मर्यादा नाही आणि तो ठरवताना भंगातून मिळालेला आर्थिक फायदा न्यायालय विचारात घेते. नोटिशीची प्रत घेऊन कौन्सिलच्या गृहनिर्माण विभागाकडे लवकर जावे. बेघर होण्याचा धोका असलेल्या कुटुंबांबाबत कौन्सिलवर ‘हाउसिंग ॲक्ट १९९६’ खाली कर्तव्ये आहेत, आणि ती नियोजन विभागाच्या कारवाईमुळे संपत नाहीत.

नोटीस निघाल्यानंतर मी राहायला आलो. मला ती लागू आहे का?

आहे. ती जागेला चिकटलेली असते, माणसाला नाही. एकदा पूर्तता झाली तरी ती संपत नाही. तोच वापर पुन्हा सुरू केला तर पुन्हा भंग होतो. परसातली खोली भाड्याने घेण्यापूर्वी कौन्सिलची एन्फोर्समेंट नोंदवही पाहून घ्यावी, ती लोकांना पाहण्यासाठी खुली असते.

स्टॉप नोटीस आणि अटभंगाची नोटीस यांनाही हेच नियम लागू आहेत का?

नाहीत. स्टॉप नोटीस म्हणजे काम किंवा वापर लगेच थांबवण्याचा आदेश. ती अपील चालू असतानाही लागू राहते, म्हणून ती अधिक कडक आहे. पण इमारतीचा राहते घर म्हणून होणारा वापर तिने थांबवता येत नाही, ही कुटुंबांसाठी मोठी ढाल आहे. २८ दिवसांची तात्पुरती स्टॉप नोटीस आता इंग्लंडमध्ये ५६ दिवसांची झाली आहे, आणि तीही राहत्या घराच्या वापरावर बंदी घालू शकत नाही. परवानगीतील अट मोडल्याबद्दलची नोटीस जबाबदार व्यक्तीला बजावतात आणि तिच्याविरुद्ध इन्स्पेक्टोरेटकडे अपील नसते.

चार वर्षे झाली की कारवाई होत नाही, असे ऐकले आहे. ते खरे आहे का?

आता सर्वसाधारणपणे नाही. २५ एप्रिल २०२४ पासून इंग्लंडमध्ये सर्व भंगांसाठी दहा वर्षांची मुदत आहे. त्या तारखेपूर्वी बांधकाम जवळजवळ पूर्ण झाले असेल, किंवा इमारतीचा वापर बदलून ती एका कुटुंबाचे राहते घर झाली असेल, तर जुनी चार वर्षांची मुदत लागू राहते. मुद्दाम लपवलेल्या भंगाबाबत कौन्सिलला मुदतीनंतरही न्यायालयामार्फत मार्ग आहे.

बजावणीत चूक झाल्याचे कौन्सिलला उमगले, तर तिच्याकडे काय मार्ग आहे?

कलम १७३ए प्रमाणे कौन्सिल नोटीस मागे घेऊ शकते आणि नव्याने काढू शकते. आधीच्या, सदोष का होईना, कारवाईपासून चार वर्षांच्या आत तीच बाब पुन्हा हाती घेण्याची मुभा कलम १७१बी(४) देते, मग मधल्या काळात मूळ मुदत उलटून गेली असली तरी. म्हणून ‘प्रत चुकली, आता सुटलो’ या आनंदात राहणे भाडेकरूला किंवा मालकाला परवडणारे नाही. आणि कौन्सिलच्या अधिकाऱ्यांना माझे सांगणे असे, की वगळलेला भोगवटादार अपिलाच्या सुनावणीत पहिल्यांदा समोर येण्यापेक्षा नोटीस मागे घेऊन, पुन्हा पाहणी करून, प्रत्येक दारापर्यंत जाऊन ती नव्याने बजावावी. त्यात काही आठवडे जातात, पण वगळलेल्या माणसाचे नुकसान झाले का या एका प्रश्नावर पुढे चालणारा वाद त्याहून कितीतरी अधिक वेळ घेतो.